जाड अंगाची पोलादी नळी घरच्या घरीं कशी वांकवावी

लांकडी अवजारांचा काळ होता तेव्हां वांकाची अडचण फारशी पडत नसे. नांगराचें लांकूड हवें असलें म्हणजे गांवचा सुतार बांधावरील बाभळींतून एक फेरी घाली आणि ज्या फांदीस निसर्गतःच हवा तसा बांक आलेला असेल तीच हेरून तोडी. अशा लांकडाचा धागा बांकांतून अखंड गेलेला असे, म्हणून तें टिके. पुढें लोखंडी अवजारें आलीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथील लोखंडी नांगर महाराष्ट्रांत सर्वत्र पसरला. आतां तर लांकूड दुर्मिळ आणि सळई जड, म्हणून कोळप्याची मूठ, गोठ्याची कमान, फाटकाची चौकट, गाडीचा कठडा, विहिरीवरील रहाटाचा आधार हीं सर्व कामें पोकळ पोलादी नळीचीं होऊं लागलीं आहेत. परंतु नळी दुकानांतून येते ती सरळ. तिला बांक देण्याचें काम राहतें.

त्यासाठीं बहुतेक शेतकरी तालुक्याच्या गांवीं फेरी घालतात. ऐन पेरणीच्या किंवा कोळपणीच्या दिवसांत एका बांकापायीं एक दिवस व गाडीभाडें जातें. ज्यांस धीर धरवत नाहीं ते झाडाच्या बेचक्यांत नळी अडकवून ओढतात. नळी चेपते, पोटाला घडी पडते आणि चांगला माल भंगारांत जातो. कित्येक जण ती भट्टींत घालतात आणि त्यांत जो धोका आहे त्याची त्यांस कल्पना नसते. म्हणून हा विषय आम्ही येथें क्रमानें मांडीत आहों. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत मोजणीचे आंकडे उतरविण्यांत गेलें. तेव्हां हिशेब आधीं व हत्यार मागून, ही आमची रीत वाचकांनीं चालवून घ्यावी.

नळीच कां?

पहिला प्रश्न असा कीं, भरीव सळई न घेतां पोकळ नळी कां घ्यावी? बाजारांत ज्यास एक इंची जाड पाइप म्हणतात त्याचा बाहेरील व्यास ३३.७ मिलिमीटर व अंगाची जाडी ४ मिलिमीटर असते. त्याचें वजन दर मीटरास सुमारें २.९ किलो भरतें. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतल्यास ती सुमारें २२ मिलिमीटर व्यासाची होईल. आतां दोहोंवर आडवा भार घालून पाहिला तर नळी त्या सळईच्या जवळजवळ अडीच पट भार सोसते. याचें कारण असें कीं, वांकतांना धातूच्या मध्यभागावर ताण जवळजवळ नसतो. सर्व भार पाठीवर व पोटावर येतो. नळींत धातु मध्यांतून काढून जेथें काम आहे तेथें, म्हणजे कडेस, नेलेला असतो. ज्वारीचें ताट किंवा बांबू पोकळ असून वाऱ्यांत उभा राहतो, त्यांतील मर्म हेंच.

लोखंडी नळी स्वस्तांत होऊं लागली ती इंग्लंडांत कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें १८२५ सालीं तापविलेली पट्टी साच्यांतून ओढून तिच्या कडा जोडण्याची युक्ति काढली तेव्हांपासून. जर्मनींत मानेसमान बंधूंनीं १८८५ सालीं भरीव गोल्यांतून बिनसांध्याची नळी काढण्याची रीत शोधली. आजहि सांध्याची व बिनसांध्याची अशा दोन जाति बाजारांत आहेत. शेतीच्या कामास सांध्याची नळी पुष्कळ होते.

नळीची निवड

येथें एक घोटाळा होतो तो आधीं काढून टाकूं. पाण्याचा पाइप ‘एक इंची’ म्हटला म्हणजे त्याचा बाहेरील व्यास एक इंच नसतो. तें नांव आंतल्या पोकळीवरून ठरलें आहे, आणि तेंहि ढोबळ. एक इंची पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर, दीड इंची ४८.३ आणि दोन इंची ६०.३ मिलिमीटर भरतो. उलट, चौकटी व आसनें यांसाठीं जी नळी मिळते ती बाहेरील व्यासानें मोजतात. पाइपाच्या फर्म्यांत अशी नळी घातली म्हणजे ती सैल बसते आणि चेपते. म्हणून दुकानांत नांव विचारूं नये; मापकंपास लावून बाहेरील व्यास घ्यावा.

जाडीचें म्हणाल तर पाइपाचे तीन वर्ग आहेत: हलका, मध्यम व जड. कारखान्यांतून निघतांना हलक्यावर पिवळा, मध्यमावर निळा व जडावर तांबडा पट्टा मारलेला असतो. एक इंची पाइपाच्या अंगाची जाडी हलक्यांत २.६, मध्यमांत ३.२ व जडांत ४ मिलिमीटर असते. दीड इंचींत ती अनुक्रमें २.९, ३.२ व ४. दोन इंचींत २.९, ३.६ व ४.५. वांकविण्याच्या कामास शक्य तों तांबड्या पट्ट्याचा घ्यावा. जाड अंगाच्या नळीस जोर अधिक लागतो हें खरें, पण ती सहसा चेपत नाहीं. पातळ अंगाची नळी हळुवारपणें वांकते आणि तितक्याच हळुवारपणें मोडते.

तिसरी गोष्ट, पाइप काळा घ्यावा. जस्ताचा पांढरा मुलामा दिलेला घेऊं नये. त्याचें कारण पुढें येईल. चौथी गोष्ट, सांधा कोठें आहे तें पाहून त्यावर खडूनें रेघ ओढून ठेवावी. आंत बोट घालून किंवा उजेडाकडे धरून पाहिल्यास सांध्याची बारीक वरंबी दिसते.

वांकतांना काय घडतें

नळी वांकते म्हणजे तिची पाठ ताणली जाते आणि पोट दाबलें जातें. या दोहोंमध्यें दोन्ही कुशींवर एक रेषा अशी असते कीं ती ना ताणली जाते ना दाबली जाते. सांध्याची रेघ याच कुशीवर ठेवावी. ती पाठीवर आली तर उलण्याचें भय, पोटावर आली तर वळी पडण्याचें.

पाठीवर ताण किती येईल याचा हिशेब सोपा आहे. नळीच्या मध्यरेषेची त्रिज्या घ्यावी, तिची दुप्पट करावी आणि नळीच्या बाहेरील व्यासास तिनें भागावें. त्रिज्या व्यासाच्या तिप्पट असेल तर पाठ एक-षष्ठांश, म्हणजे शेंकडा सुमारें १७ ताणते. चौपट असेल तर शेंकडा साडेबारा आणि पांचपट असेल तर शेंकडा दहा. साधें मऊ पोलाद तुटण्यापूर्वीं शेंकडा वीसच्या आसपास ताण सोसतें. म्हणून घरच्या कामांत थंड नळीस व्यासाच्या चौपटीहून लहान त्रिज्या देऊं नये, हा आमचा नेम आहे; तिप्पट ही शेवटची हद्द समजावी. पाठ ताणली जाते तेव्हां ती पातळहि होते. तिप्पट त्रिज्येस ४ मिलिमीटरचें अंग पाठीवर सुमारें ३.४ मिलिमीटर उरतें. भार घेणाऱ्या कामांत ही घट आधींच धरून ठेवावी.

लांबीचा हिशेब

पुष्कळांची नळी वांकते नीट, पण माप चुकतें. कारण कोपरा काटकोनाचा धरून ते दोन बाजूंची बेरीज करतात. बांक कोपरा कापून जातो, म्हणून नळी कमी लागते. काटकोनाच्या बांकांत जाणारी लांबी म्हणजे मध्यरेषेच्या त्रिज्येची १.५७ पट. उदाहरणार्थ, गोठ्यांत उलट्या ‘यू’सारखी कमान करावयाची आहे. दोन पायांच्या मध्यरेषांतील अंतर १२०० मिलिमीटर, जमिनीपासून वरच्या दांड्याच्या मध्यरेषेपर्यंत उंची ९०० मिलिमीटर, एक इंची जड पाइप आणि बांकाची त्रिज्या १५० मिलिमीटर. प्रत्येक पायाचा सरळ भाग ९०० वजा १५०, म्हणजे ७५०. वरचा सरळ भाग १२०० वजा ३००, म्हणजे ९००. प्रत्येक बांक १५० गुणिले १.५७, म्हणजे सुमारें २३६. एकूण बेरीज २८७२ मिलिमीटर. सरधोपट बेरीज केली असती तर ३००० झाली असती, आणि कमान १२८ मिलिमीटरांनीं चुकली असती.

खुणा कराव्या त्या अशा: एका टोकापासून ७५० वर पहिला बांक सुरू व ९८६ वर समाप्त, १८८६ वर दुसरा सुरू व २१२२ वर समाप्त, २८७२ वर दुसरें टोक. प्रत्यक्षांत दोन्ही टोकांस शंभर-शंभर मिलिमीटर जास्त ठेवावे, खुणा त्यानुसार सरकवाव्या आणि काम झाल्यावर जादा भाग कापावा. धरण्यास हात मिळतो आणि थोडी चूक भरून निघते. खुणा नळीभोंवतीं पूर्ण वेढ्यानें काढाव्या. एकाच बाजूस केलेली खूण नळी फिरल्यावर सांपडत नाहीं. दुसरा बांक पहिल्याच्याच पातळींत यावा म्हणून सांध्याच्या रेघेचा आधार घ्यावा, नाहींतर कमान जमिनीवर ठेवली असतां एक पाय वर राहतो.

थंड रीत: फर्मा व तरफ

थंड रीतींत दोन साधनें आहेत. पहिलें फर्मा व तरफ. जाड पोलादी तबकडीच्या कडेस नळीच्या अर्ध्या गोलाईची खोबण लेथवर एकदां पाडून घ्यावी. मध्यरेषेची त्रिज्या १५० हवी असेल तर खोबणीच्या तळाची त्रिज्या १५० वजा १७, म्हणजे १३३ मिलिमीटर ठेवावी. खोबण नळीच्या अर्ध्या व्यासाइतकी खोल व अंगास घट्ट बसणारी असावी, कारण नळीच्या कुशी बाहेर फुगूं न देणें हेंच तिचें काम. पट्ट्याची जुनी पुली घेऊन काम भागविण्याचा मोह होतो. परंतु तिची खोबण निमुळती असते, नळी दोन कडांवर टेकते आणि त्या कडा तिच्या पोटांत रुततात.

तबकडी जाड पत्र्यावर बसवून तो पत्रा काँक्रीटच्या पायांत गाडलेल्या बोल्टांस आवळावा. तबकडीच्या मध्यावर फिरणारी तरफ बसवावी आणि तरफेवर, नळीस बाहेरून दाबणारा खोबणीचा रूळ असावा. नळीचें एक टोक मजबूत कडींत अडकवून तरफ सावकाश फिरवावी म्हणजे रूळ नळीस फर्म्याभोंवतीं गुंडाळीत जातो. रुळास वंगण द्यावें.

जोर किती लागेल? आमच्या हिशेबानें एक इंची जड पाइपास सुमारें ११० किलो-मीटर, म्हणजे दोन मीटरच्या तरफेच्या टोकास ५५ किलोंची ओढ. एक गडी अंग टाकून किंवा दोन गडी सहज हें करतात. दीड इंचीस सुमारें २४० लागतात. तीन मीटरची तरफ घेतली तरी ८० किलोंची ओढ झाली. दोन इंचीस ४३० च्या घरांत लागतात, आणि तें काम हातानें करण्याचें नव्हे. व्यास थोडासा वाढला कीं जोर किती झपाट्यानें वाढतो हें यावरून ध्यानांत येईल. घर्षणाचा भार याशिवाय. तरफेस बैल किंवा ट्रॅक्टर जुंपूं नये; कडी सुटली तर तरफ कोणीकडे जाईल याचा नेम नसतो.

थंड रीत: जॅक

दुसरें साधन तेलाच्या जॅकचें. हें नळकाम करणाऱ्यांकडे असतें आणि चारपांच शेतकऱ्यांनीं मिळून विकत घेण्याजोगें आहे. दोन बाजूंस दोन रूळ आणि मध्यें जॅकनें पुढें सरकणारा अर्धगोल फर्मा, अशी त्याची रचना असते. रूळ पन्नास सेंटिमीटर अंतरावर असतां दीड इंची जड पाइपास सुरुवातीस सुमारें दोन टनांचा दाब लागतो. बारा टनांच्या जॅकास तो जड नाहीं. दोन्ही रूळ मध्यापासून सारख्या भोंकांत आहेत व त्यांच्या खुंट्या पार आंतपर्यंत गेल्या आहेत हें दर वेळीं पाहावें. खुंटी अर्धवट असतां दाब दिला तर ती गोळीसारखी उडते. काम चालू असतां नळीच्या समोर उभें राहूं नये. ज्या मापाची नळी त्याच मापाचा फर्मा घ्यावा. बांक झाल्यावर फर्मा नळीस घट्ट चिकटतो. तो लांकडी मोगरीनें ठोकून सोडवावा, घणानें नव्हे.

दोन्ही साधनांत एक गोष्ट सारखी: जोर काढतांच नळी थोडी मागें फिरते. म्हणून ९० अंश हवे असतील तर ९३ ते ९५ अंशांपर्यंत न्यावें लागतें. नेमका आंकडा पोलादाच्या जातीवर व त्रिज्येवर अवलंबून आहे, यास्तव त्याच पाइपाच्या तुकड्यावर आधीं एक बांक करून पाहावा आणि तो आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. कमी वांकलेली नळी आणखी वांकवितां येते. जास्त वांकलेली सरळ करतांना पाठीचें पोट व पोटाची पाठ होते आणि धातु थकतो.

गरम रीत

त्रिज्या लहान हवी असेल, किंवा नळी जाड असून जॅक उपलब्ध नसेल, तर भट्टीशिवाय गत्यंतर नाहीं. तापलेलें पोलाद मऊ होतें, ताण सोसतें व मागें फिरत नाहीं. पण तेंच चेपतेंहि लवकर. म्हणून नळी आंतून वाळूनें ठासून भरावी लागते.

वाळू नदीची, बारीक, चाळणीनें चाळलेली असावी. समुद्रकांठची घेऊं नये. तिच्यांत मीठ व शिंपल्यांचे तुकडे असतात, आणि शिंपले व चुनखडी तापल्यावर वायु सोडतात. चाळलेली वाळू लोखंडी कढईंत भाजावी. ती वाळली कीं नाहीं हें पाहण्यास गरम वाळूवर थंड आरसा किंवा पत्र्याचा तुकडा धरावा. त्यावर दंव धरलें तर आणखी भाजावी. एक इंची जड पाइपास दर मीटरामागें सुमारें अर्धा लिटर वाळू लागते.

नळीच्या एका टोकांत सुक्या लांकडाचें बूच ठोकून ती उभी धरावी. थोडी थोडी वाळू ओतीत खालून वरपर्यंत मोगरीनें ठोकीत जावें. आवाज बद्द येऊं लागला व वाळू आणखी खालीं बसेनाशी झाली म्हणजे नळी भरली. मग दुसरें बूच ठोकावें. परंतु त्यास मधोमध आरपार बारीक भोंक पाडलेलें असावें. हें भोंक विसरूं नये. तापणारा भाग बुचांपासून निदान ३० सेंटिमीटर दूर असावा.

विटांची लांबट भट्टी रचून कोळसा व भाता यांच्या साहाय्यानें बांकाचा पूर्ण भाग आणि दोन्ही बाजूंस एकेक व्यास इतका भाग सारखा तापवावा. नळी एकसारखी फिरवीत राहावी. सावलींत पाहिल्यास रंग गडद तांबड्यापासून चकचकीत तांबडा, मग नारिंगी होत जातो. तांबड्या-नारिंगीच्या मधल्या रंगावर, म्हणजे नऊशें अंश सेल्सिअसच्या सुमारास, नळी बाहेर काढावी. ठिणग्या उडूं लागल्या तर धातु जळूं लागला असें समजावें. दोन भक्कम खुंट्यांमध्यें नळी धरून लांब टोक एका संथ ओढीनें वळवावें. हिसका देऊं नये. जमिनीवर खडूनें काढलेली आकृति किंवा जाड तारेचा नमुना बांकावर ठेवून ताडून पाहावें. जेथें बांक पुरा झाला तेथें झारीनें थोडें पाणी सोडलें म्हणजे तो भाग कडक होतो व पुढील बांक बाकीच्या भागांत पडतो. ही युक्ति साध्या मऊ पोलादासच लागू आहे. ज्याची जात ठाऊक नाहीं अशा भंगारांतील नळीवर पाणी टाकूं नये, ती कडक होऊन तडकते.

रंग गडद तांबडा झाला कीं थांबावें व पुन्हां तापवावें. रंग गेल्यावर, २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान, जेव्हां घासलेल्या पोलादावर पिवळी-निळी झांक येते, तेव्हां तें थंड असतांना असतें त्याहूनहि ठिसूळ असतें. ‘अजून गरम आहे, एवढें उरकून घेऊं’ म्हणून या वेळीं ओढणारा माणूस नळी उलवितो.

जीवाचे धोके

येथवर माल बिघडण्याची गोष्ट झाली. आतां माणूस दगावण्याची. पहिला धोका ओल्या वाळूचा. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सुमारें सतराशें पट जागा मागते. दोन्ही टोकें बंद केलेल्या नळींत चमचाभर पाणी राहिलें आणि नळी लाल केली तर त्या वाफेस जाण्यास मार्ग नाहीं. मग एक तर बूच बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें किंवा नळी फुटते व तप्त वाळू तोंडावर येते. वाळू भाजणें व बुचास भोंक ठेवणें हे दोन्ही उपाय एकमेकांस पर्याय नव्हेत. दोन्ही केलेच पाहिजेत. लोखंडी झांकण वेल्ड करून टोकें बंद करण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे, ती सर्वथा सोडावी. तापवीत असतां कोणींहि, विशेषतः मुलांनीं, नळीच्या टोकांच्या रोखांत उभें राहूं नये.

दुसरा धोका जस्ताचा. पांढऱ्या मुलाम्याचा पाइप भट्टींत घातला म्हणजे जस्त ४२० अंशांस वितळतें व ९०७ अंशांस उकळतें. त्याचा पांढरा धूर श्वासांत गेला तर कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतें, तोंडास धातूची चव येते. हा ताप बहुधा एकदोन दिवसांत उतरतो, म्हणून लोक त्यास हिंवताप समजून सोडून देतात. परंतु धूर फार गेला किंवा धाप लागली तर डॉक्टरास गांठावें व भट्टीची हकीकत सांगावी. शिवाय वितळलेलें जस्त ताणाखालील पोलादांत शिरून त्यास चिरा पाडतें. म्हणून काळा पाइप वांकवावा आणि मुलामा किंवा रंग मागून द्यावा.

तिसरा धोका जुन्या मालाचा. ज्या नळींतून किंवा टांकींतून डिझेल, पेट्रोल अथवा फवारणीचें औषध गेलें असेल, ती धुतली म्हणून निर्धोक झाली असें मानून तापवूं नये. डोळ्यांवर चष्मा, पायांत चामडी बूट, अंगावर सुती कपडे असावे. धोतराचा सोगा, उपरणें भट्टीजवळ मोकळें सोडूं नये. शेजारीं बादलीभर पाणी ठेवावें.

तपासणी, आणि कोठें थांबावें

काम झाल्यावर बांकाच्या मध्यावर दोन मापें घ्यावीं: पाठीपासून पोटापर्यंत, आणि कुशीपासून कुशीपर्यंत. दाबाच्या नळकामांत अभियंते या दोहोंतील फरक व्यासाच्या शेंकडा आठपर्यंत चालवून घेतात. एक इंची पाइपास ते सुमारें पावणेतीन मिलिमीटर होतात. तीच हद्द आपणहि धरावी. पाठ कानशीनें हलकी घासून, रॉकेल लावून पुसावी व वर खडूची पूड टाकावी. चीर असेल तर पुडीवर ओली रेघ उमटते. तशी रेघ दिसल्यास वेल्ड करून झांकूं नये. तो तुकडा भार नसलेल्या कामास द्यावा. उघड्यावर राहणाऱ्या नळीचीं टोकें एक तर पूर्ण बंद करावीं किंवा खालच्या अंगास पाणी निघून जाण्यास भोंक ठेवावें. आंत सांचलेलें पाणी नळीस आंतून खातें आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्यास नळी वांकवितां येऊं लागली त्याच्या मनांत ट्रॅक्टरवर डोक्यावरची संरक्षक कमान घरींच करावी असें येतें. ही कमान ट्रॅक्टर उलटल्यास चालकास चिरडण्यापासून वांचविते. स्वीडन देशानें १९५९ सालीं नव्या ट्रॅक्टरांस ती सक्तीची केली आणि तेथें या अपघातांतील मृत्यु पुष्कळ घटले. परंतु तिचें काम गोठ्याच्या कमानीहून अगदीं निराळें आहे. उलटणाऱ्या यंत्राचा सारा आघात तिनें थोडें वांकून गिळावयाचा असतो, पण मोडावयाचें नसतें. आणि तिची बैठक आंसाच्या सांगाड्यांत अशी बसवावी लागते कीं बोल्ट उपटले जाणार नाहींत. हें चांचणी करूनच ठरतें. भट्टींत तापविलेली, अंदाजानें वेल्ड केलेली कमान दिसावयास तशीच दिसते, आणि तीच तिची घातक बाजू होय. कारण तिच्या भरंवशावर माणूस उतारावर जातो. ट्रॅक्टर बनविणाऱ्याची चांचणी झालेली कमानच बसवावी व सोबत आसनाचा पट्टा बांधावा. अशी कमान एकदां वांकली तर ती सरळ करूं नये, तिला भोंकें पाडूं नयेत, बदलून टाकावी. ट्रॉलीचा ओढदांडा, खालीं माणूस शिरतो अशा ओझ्याचे आधार आणि दाबाच्या हवेच्या नळ्या हींहि घरच्या बांकाचीं कामें नव्हेत.

राहिलेलीं कामें थोडीं नाहींत. कमान, फाटक, मूठ, कठडा, वेलीचा मांडव, हीं सर्व आपल्या पडवींत होण्यासारखीं आहेत. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवांत चारपांच खातेदारांनीं मिळून एक जॅक व दोनतीन मापांचे फर्मे घ्यावे, ते एका जबाबदार गृहस्थाकडे ठेवावे आणि कोणत्या पाइपास किती अंश जास्त न्यावें लागलें याची एक वही त्याच्याजवळ असावी. पांचपंचवीस बांकांची नोंद झाली म्हणजे पुढील माणसास माल वायां न घालवितां काम करतां येईल. वाचकांपैकीं ज्यांनीं अशीं कामें केलीं असतील त्यांनीं आपली मापें व अनुभव या मासिकाकडे अवश्य पाठवावे. ते सर्वांच्या उपयोगीं पडतील.